लो गिअरमधली चैन

पाव्हण्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला कोल्हापूर शहरात, वडिलोपार्जित दोन एकर रान गगनबावड्याच्या अलीकडे. घरात एक छोटी पेट्रोल गाडी आहे, पण पावसाळ्यात ती शेवटच्या दीड किलोमीटरला ओढ्याच्या अलीकडेच थांबते. हातात पाच लाख आहेत. वहिनी म्हणतात, दारात पांढरा हत्ती बांधू नका. खर्चाचं भय सगळेच घालतात. तेव्हा जुनी, स्वस्तातली फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी, ठेवण्यात आनंद नेमका कसला, ते कुणीतरी सांगा, असं त्यांचं म्हणणं. शिवाय निपाणीजवळ एक गाडी बघून आलेत. मालक म्हणतो, ‘फोर बाय फोर आपण कधी लावलीच नाही, एकदम कोरी आहे.’ हे चांगलं का वाईट?

निपाणीच्या गाडीचं शेवटी बघू. आधी आनंदाचं.

मी सत्तावीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, गाड्यांच्या पोटाखाली झोपून घर चालवलंय. पहिली माझी स्वतःची गाडी महिंद्राची ५४० जीप होती, प्युजो डिझेल इंजिनाची. आता २००३ ची मारुती जिप्सी आहे, २०११ साली घेतलेली. तेव्हा या विषयात मी तटस्थ नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

पहिला आनंद सावकाश जाण्याचा. हसू नका. आपल्याकडं गाडी म्हटली की माणसं पिकअप विचारतात, हायवेला किती पळते विचारतात. फोर बाय फोरचा खरा दागिना म्हणजे गिअरच्या दांड्याशेजारचा तो दुसरा, बुटका दांडा. तो दांडा ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचा. जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये हायचं, म्हणजे नेहमीच्या चालीचं, प्रमाण १.४०९ आहे आणि लोचं, म्हणजे संथ पण जोरकस चालीचं, २.२६८. इंजिन तेच, पहिला गिअर तोच, पण लोमध्ये चाकाला पोचणारा जोर दीडपटीच्या वर जातो आणि वेग त्याच हिशोबानं उतरतो. पाय काढून घेतला तरी गाडी आपली आपण तासाला तीनेक किलोमीटरनं चालत राहते. जोतिबाच्या पायऱ्या चढणारी म्हातारी माणसं याहून जोरात जातात.

याची गोडी मला लागली ती पाटगावच्या पुढच्या एका उतारावर. ओली तांबडी माती, त्यावर जांभ्याचे गोट्यांसारखे खडे, उजवीकडं झाडी आणि खाली काय ते दिसत नाही. शेजारी माझे मामा बसलेले, आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. ते म्हणाले, ‘लोचा पहिला टाक आणि दोन्ही पाय उचलून मांडीवर घे.’ मी ऐकलं, पण उजवा पाय सवयीनं ब्रेककडं गेलाच. त्यांनी गुडघ्यावर चापट मारली. गाडी इंजिनाच्याच आवळणीवर, एकेक दगड चाखत, मुंगीसारखी उतरली. ब्रेक दाबला असता तर पुढची चाकं जाम होऊन खड्यांवरून घसरली असती. चाक फिरत राहिलं म्हणून स्टिअरिंग हातात राहिलं. इंजिनाचा आवाज एका सुरात, खिडकीतून ओल्या पाल्याचा वास, आणि कुठल्या चाकाखाली काय आहे ते बुडाला कळतंय. त्या दिवशीपासून हायवेवर शंभरनं जाण्यातली मजा माझ्या लेखी संपली. तसं जिप्सी शंभरनं गेली तर कानात कापूसच घालावा लागतो. हायसुद्धा १.४०९ चा असल्यामुळं इंजिन सतत ओरडत असतं.

दुसरा आनंद, आणि हा फक्त स्वस्त गाडीत मिळतो: ओरखड्याची भीती नसणं. शोरूममधून पंधरा-अठरा लाखांची नवी गाडी काढलेले गिऱ्हाईक माझ्याकडं येतात. करवंदीच्या जाळीतून एकदा गेले की रबिंग-पॉलिशची चौकशी करायला दुसऱ्या दिवशी हजर. पुढच्या वेळी ते त्या वाटेला जातच नाहीत. गाडीला सगळं येतं, मालकाला धीर होत नाही. माझ्या जिप्सीच्या डाव्या दारावर बाभळीनं काढलेली एक लांब रेघ आहे. ती २०१३ ची. मागच्या मडगार्डला पोचा आहे तो पुतण्यानं गोठ्याच्या खांबाला दिलेला. दोन्हीपैकी एकाही गोष्टीनं माझी झोप गेली नाही. शेणखताची पोती, भिजलेलं कुत्रं, चिखलाचे बूट, वैरणीचा भारा, सगळं मागं टाकायचं आणि संध्याकाळी पाण्याचा पाइप आतून मारायचा. फरशी धुतल्यासारखी गाडी धुता येणं ही केवढी चैन आहे, हे कापडी सीटकव्हर जपणाऱ्याला सांगून कळणार नाही.

तिसरं म्हणजे आपलाच जिल्हा नव्यानं दिसतो. कोल्हापूरची जमीन फार मजेशीर आहे. पूर्वेला शिरोळकडं काळी, पावसात टायरला कणकेसारखी चिकटणारी. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, भुदरगडाकडं तांबडी आणि खाली जांभा. काळ्या मातीत जी युक्ती चालते ती तांबड्यात चालत नाही. काळ्या रानात टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत होतं, तिथं थोडा वेग ठेवून चिखल झटकावा लागतो. तांबड्या उतारावर वेग ठेवलात तर गेलात. पन्नास-साठ किलोमीटरच्या पट्ट्यात इतके प्रकार मिळतात, त्यामुळं ड्रायव्हिंग शिकायला लडाखला जायची गरज नाही. आणि गगनबावड्याच्या पावसात पहाटे वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत गाडी नेऊन तिथं चुलीवरचा चहा प्यायला मिळणं, याची किंमत वहिनींना मी सांगू शकणार नाही. त्यांना एकदा घेऊनच जा.

चौथा आनंद थोडा अडचणीचा आहे: तुम्ही गावाच्या उपयोगी पडायला लागता. २०२१ च्या जुलैत पाऊस कोसळत होता, आमच्या सासुरवाडीकडं वाडीच्या रस्त्यावर दरड उतरलेली आणि बाजूनं चिखलाची वाट. दुधाची गाडी वर येत नव्हती. म्हशीला काय सांगणार, आज थांब म्हणून? तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कॅन मागं बांधून मी खालच्या संकलन केंद्रावर नेले. जिप्सीचं वजन टनाच्या आत, त्यामुळं जिथं जड गाडी रुतते तिथून ती वरच्या वर निघते. तेव्हापासून पावसाळ्यात फोन सुरू होतात. कुणाची ट्रॉली अडकली, कुणाचा जावई बांधावरून घसरला. ‘नाही’ म्हणायला जमत नसेल तर फोर बाय फोर घेऊ नका, हे माझं प्रामाणिक मत. घरचे वैतागतात. मला मात्र आवडतं.

पण ओढायला जाताना एक गोष्ट जिवाशी बांधून ठेवा. मागच्या ट्रॉलीच्या गोळ्याला, म्हणजे टो बॉलला, दोर अडकवून रुतलेली गाडी कधीही झटक्यानं ओढायची नाही. तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा काचेतून आत येतो. चेसिसला पक्का बसवलेला हुक, त्यात शॅकल, आणि दोरावर मधोमध भिजवलेलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटलाच तर दोर खाली पडतो. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. आपल्याकडं बघे नेहमी दोराला टेकूनच उभे असतात.

आता थोडं यंत्राचं, कारण चार चाकं ‘लागतात’ म्हणजे काय, याबद्दल फार गैरसमज आहेत. पाच लाखांत मिळणाऱ्या बहुतेक गाड्या पार्ट टाइम फोर बाय फोर आहेत. साध्या रस्त्यावर त्या मागच्या दोन चाकांवर चालतात. दांडा ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकाला जखडले जातात, मधे काही सैलपणा नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात; चिखलात तो फरक चाकं घसरून भागवतात, कोरड्या डांबरावर ती घसरू शकत नाहीत, आणि सगळा पीळ गिअरांत साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडल्यासारखी होते, आणि तसंच रेटत राहिलात तर ट्रान्सफर केसची साखळी किंवा गिअर बोलायला लागतात. म्हणून करूळ घाट उतरताना कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून ‘सेफ्टी’ शोधणाऱ्यांना मी हात जोडतो. दांडा पिळानं अडकून टू व्हीलमध्ये येत नसेल तर ताकद लावू नका. सरळ रेषेत पाच-दहा फूट मागं घ्या, पीळ सुटतो आणि दांडा लोण्यासारखा येतो.

दुसरा गैरसमज म्हणजे फोर बाय फोर कधी रुतत नाही. रुतते, आणि टू व्हीलपेक्षा चार पावलं आत जाऊन रुतते. कारण साधं आहे. एका अॅक्सलवरची दोन चाकं ही एका जुवाला जुंपलेली बैलजोडी समजा. त्यांच्या मधली गिअरपेटी, म्हणजे साधं डिफरन्शियल, दोघांना सारखाच जोर वाटून देतं. एकाच्या पायाखाली निसरडं असलं की तो जेवढा ओढेल तेवढंच दुसऱ्याच्याही वाट्याला येतं. म्हणून पुढचं एक आणि मागचं तिरक्या बाजूचं एक अशी दोन चाकं हवेत किंवा गाऱ्यात गेली, की चारही चाकांची गाडी जागेवर भिरभिरत बसते. अशा वेळी लोमध्ये हलका रेस ठेवून डाव्या पायानं ब्रेक थोडा आवळत आणायचा. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की दुसऱ्या चाकाकडं जोर जातो आणि पुष्कळदा गाडी निघते. नाही निघाली तर उतरा. रेस मारून खड्डा खोल करणं हा आपल्या लोकांचा आवडता उद्योग आहे.

उतरल्यावर काय? खोरं, दोन फळ्या, टायरमधली हवा कमी करायला गेज आणि परत भरायला छोटा कॉम्प्रेसर. चिखलात हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड बदलते. डांबरावर यायच्या आत मात्र भरायची. आणि कोल्हापूरचा म्हणून एक खास इलाज आहे, पाचट. ऊस तुटलेल्या रानातलं वाळकं पाचट चाकाखाली दाबून भरा, चाकाखाली घालायच्या भारीतल्या विकतच्या पट्ट्यांच्या, म्हणजे रिकव्हरी ट्रॅकच्या, तोंडात मारेल असं काम करतं. फुकटात. फक्त सायलेन्सर तापलेला असताना पाचटावर गाडी उभी करून गप्पा मारत बसू नका.

पाण्याबद्दल एकच सांगतो आणि रागानं सांगतो. पुराच्या वाहत्या पाण्यात जायचं नाही. फोर बाय फोर आहे, इंजिनाला वरून हवा देणारी नळी, म्हणजे स्नॉर्कल आहे, काही ऐकायचं नाही. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी तरंगवू शकतं, दोन फुटांत मोठ्या गाड्याही वाहतात. चार चाकांची पकड जमिनीवर चालते, गाडी उचलली गेली की चार काय आणि सहा काय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हा आपण गाडी उंचावर नेऊन लावतो, ४३ ला धोका पातळी होते तोवर रस्ते बंद व्हायला लागलेले असतात. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. तिथं शहाणपण एवढंच, की अलीकडं थांबायचं. रानातल्या ओढ्याचं पाणी आधी काठी घेऊन पायानं चालून बघायचं. जिथं मला चालवत नाही तिथं मी गाडी घालत नाही. डिझेल इंजिनानं एकदा घोटभर पाणी हवेच्या वाटेनं ओढलं की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तुमचे उरलेले सगळे पैसे माझ्याकडं येतात.

अजून एक, मग गाड्यांकडं वळतो. सडे आणि पठारं गाडी घालायची जागा नाहीत. मसाई पठार आता संवर्धन राखीव आहे; सप्टेंबरात जी इवली फुलं येतात ती बोटभर मातीत उगवतात आणि एका टायरच्या चाकोरीनं ती माती वाहून जाते. दाजीपूरच्या जंगलातही ठरलेल्या वाटेनं, वनखात्याच्या परवानगीनंच जायचं. गव्याला हॉर्न मारून रील काढणाऱ्यांनी माझ्या गॅरेजला येऊ नये.

तर, गाडी कुठली?

जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली, ९७० सीसीच्या इंजिनासह. १९९६ ला किंग नावाची १.३ लिटरची आली आणि २००० ला त्यात एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल फवारून देणारं, ८० अश्वशक्तीचं इंजिन. घ्यायची तर ही शेवटची. हलकी, साधी, इंजिन दमदार, आणि लष्करात भरपूर वापरली गेल्यामुळं सुटे भाग मिळतात. वाईट काय? पेट्रोल पिते, माझी नऊ-दहा देते. पुढं-मागं पाटेच, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगाच आहेत, त्यामुळं मागं बसलेल्या आईची कंबर तुमच्या नावानं बोटं मोडते. आणि विक्री बंद झाल्यापासून चांगल्या जिप्सीचे भाव चढलेत, त्यामुळं पाच लाखांत घाई न करता शोधावी लागेल.

महिंद्राच्या जुन्या जीपा, ५४०, ५५०, क्लासिक वगैरे, हे वेगळंच प्रेम आहे. तुम्हाला पान्याची आवड असेल तरच. गावातला कुठलाही मेस्त्री दुरुस्त करतो, पण कुठल्या ना कुठल्या मेस्त्रीकडं ती असतेच. २०१० च्या ऑक्टोबरात आलेली पहिली थार तुमच्या कामाला मला जास्त बरी वाटते. तिचं सीआरडीई मॉडेल घ्या, २४९८ सीसीचं १०५ अश्वशक्तीचं डिझेल. जोर भरपूर, घाटात दुसऱ्या-तिसऱ्यात आरामात चढते. पुढं टॉर्शन बार आणि मागं पाटे, म्हणजे पुढच्याला बरं, मागच्याला पूर्वीसारखंच. टपाचं कापड पावसात कुठं ना कुठं गळतं. छत्री गाडीतच ठेवायची. २०१५ नंतरच्या गाडीत मागच्या डिफरन्शियलला आपोआप लागणारा लॉक आला, तसली परवडत असेल तर सोडू नका. वर जे बैलजोडीचं रडगाणं गायलं त्यातलं अर्धं तिथंच मिटतं. फक्त नाव सारखं आणि दिसायलाही सारखी, पण नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणारी डीआय सुद्धा याच सांगाड्यात विकली गेली. बुटका दांडा आहे का ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. असे दोघे माझ्याकडं रडत आलेत.

वहिनी आणि मुलं रोज बसणार असतील, आणि वर्षातून चार-पाच दिवसच चिखल असेल, तर रेनॉची डस्टर एडब्ल्यूडी बघा, म्हणजे तिची चारही चाकांवर चालणारी आवृत्ती. २०१४ ला आली, मागंही स्वतंत्र सस्पेंशन, बसायला मोटारीसारखी. लो गिअर नाही, पण पहिला गिअर मुद्दाम बुटका दिलाय. ओल्या गवतावरून, निसरड्या रस्त्यावरून ती अलगद जाते. दगडाच्या चढाला तिच्याकडून लोची अपेक्षा करायची नाही. बटणावर फोर बाय फोर लागणाऱ्या मोठ्या गाड्याही या भावात मिळतात. त्यात दांड्याचं काम करणारी शिफ्ट मोटर आणि तिची वायरिंग हे पहिलं दुखणं. बटण फिरवल्यावर दिवा नुसता लुकलुकत राहिला तर दिलेला भाव त्या हिशोबानं खाली आणा.

पाच लाखांतली गाडी पाच लाखांची घ्यायची नाही, हेही ऐका. चारची घ्या आणि एक लाख बाजूला ठेवा. पहिल्या महिन्यात पाच टायर, बॅटरी, सगळे रबर बुश, ब्रेक, आणि चार वेगवेगळी ऑइलं: गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा डिफ, मागचा डिफ. मधल्या ट्रान्सफर केसला सगळे विसरतात. डिफचा बोल्ट सोडल्यावर ऑइल दुधाळ निघालं तर गाडी पाण्यात गेली होती आणि डिफची श्वासनळी, म्हणजे आतली हवा बाहेर जाऊ देणारी नळी, खाली राहिली होती, असा सरळ अर्थ. दोन फूट पाइप लावून ती नळी बॉनेटपर्यंत वर आणणं हे पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे, पण केलेलं मला क्वचित दिसतं. त्यातही आपण कोल्हापूरकर नशीबवान. पाट्याचा शॅकल, पितळी बुश, एखादा स्पेसर असलं काही बाजारात मिळालं नाही तर उद्यमनगरात लेथवर संध्याकाळपर्यंत करून मिळतं. पुण्या-मुंबईचे फोर बाय फोरवाले मित्र इथं मिसळ खायला येतात, असं म्हणतात खरं, पण डिकीत नेहमी एखादा मोडका पार्ट असतो.

आता इथल्या सेकंड हँड बाजारातलं सगळ्यात मोठं विघ्न: पूर बघितलेल्या गाड्या. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात २००५, २०१९, २०२१, तीन मोठे पूर झाले. गाड्या धुतल्या गेल्या, पॉलिश झाल्या, विकल्या गेल्या. मीही एकदा फसलोय. एका एजंटाकडून घेतलेली गाडी आठ महिन्यांनी हळूहळू खुळ्यासारखी वागायला लागली. वायपर लावला की इंडिकेटर लागायचा. डॅशबोर्ड उघडला तर कनेक्टरांवर हिरवा थर आणि आत गाळाची पापडी. म्हणून सांगतो, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीची खाच, हेडलाइटच्या आतली आडवी धुरकट रेघ, हे बघा. पंधरा वर्षांच्या गाडीत कोरं करकरीत कार्पेट दिसलं तर खूश होऊ नका. विमा कंपनीनं पूर्ण नुकसान धरलेली गाडी असेल तर विम्याच्या नोंदीतून कळतं, मागून घ्या.

कोकण किंवा गोव्याकडून आलेल्या गाडीचा गंज वेगळा असतो, खारा. चेसिसच्या आतल्या बाजूनं खातो. स्क्रू ड्रायव्हरनं टोकरून बघा. खाली नुकताच जाड काळा रंग मारलेला असेल तर तो कशावर मारलाय हा प्रश्न पडलाच पाहिजे. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात त्याचं कारण तिकडं डिझेल गाडीला घातलेली दहा वर्षांच्या वयाची अट. गाडी वाईट असेलच असं नाही, पण आपल्याकडं आणल्यावर एनओसी म्हणजे तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, परत रोड टॅक्स, कोल्हापूरचं एमएच ०९ पासिंग हे सगळं बेरजेत धरा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. पंधरा वर्षांच्या वरची गाडी असेल तर नूतनीकरण झालंय का हे आधी विचारा, रंग नंतर.

जीपांच्या कागदाबद्दल जरा जास्तच काळजी घ्या. लष्करी लिलावातून आलेल्या, पंजाबकडून उघडी बॉडी बांधून आलेल्या, टू व्हीलला पुढचा अॅक्सल जोडून फोर बाय फोर केलेल्या अशा कितीतरी फिरतायत. इंजिन बदललेलं असतं आणि आरसीवर जुनाच नंबर. चेसिस नंबर कागद ठेवून पेन्सिलीनं उतरवून आरसीशी जुळवा. नंबरच्या आसपास वेल्डिंग किंवा जास्तीचा रंग दिसला की चहा प्या आणि निघा. मोठे टायर, लोखंडी बंपर, उंच केलेली गाडी हे बघायला झकास, पण नोंदणीतल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय केलेला बदल कायद्याला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ ला स्पष्ट केलंय. तपासणीच्या दिवशी मूळ चाकं मित्राकडून उसनी आणायची वेळ येते.

आता निपाणीची गाडी. ‘फोर बाय फोर कधी लावलीच नाही’ हे ऐकून मला धडकी भरते. न वापरलेला लो गिअर म्हणजे माळ्यावर ठेवलेली शिलाई मशीन. सील सुकतात, दांड्याचे सांधे गंजतात, पुढच्या चाकांना शाफ्टशी जोडणारे हब जाम होतात, ऑइल कंपनीतून आलं तेच असतं. मी माझ्या गाडीला उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा शेताच्या मातीवर दोन-चार किलोमीटर फोर व्हीलवर चालवतो, पुढच्या भागाला तेल फिरावं म्हणून.

तुम्ही असं करा. डांबर सोडून मातीच्या रस्त्यावर गाडी न्या. सरळ चालत असताना हाय लावा, मग थांबून, क्लच दाबून लो लावा. दांडा जातो का, गेल्यावर टिकतो का, की रेस दिला की बाहेर उडतो? मग गाडी सपाटीवर बंद करा, मागच्या चाकांना दगड, हॅन्डब्रेक, फोर बाय फोर लागलेली, पहिला गिअर, हब लॉक. पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हातानं फिरवा. थोडं हलून अडलं पाहिजे. मोकळं गरागरा फिरलं तर पुढचा भाग जुळतच नाहीये, ती गाडी फोर बाय फोर म्हणून विकली जातेय इतकंच. दुसऱ्या बाजूलाही तेच. हे करायला मालक नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

दांडा नुसता जड असेल आणि हब जाम असतील, बाकी चेसिस स्वच्छ असेल, तर मला ती गाडी आवडेल. हबचं काम आणि सगळे सील, हा एका दिवसाचा खेळ आहे. तेवढे पैसे किमतीतून कापून मागा. केए, म्हणजे कर्नाटकाचं पासिंग असल्यानं एनओसी मालकानं काढून द्यायची आणि उरलेली रक्कम ती हातात आल्यावरच, हे टोकन देतानाच कागदावर लिहून घ्या. आणि बघायला जाताना वहिनींना बरोबर न्या. मागच्या सीटवर त्यांना बसवून मातीच्या रस्त्यावर एक चक्कर मारा, व्यवहार व्हायच्या आधी.